क्रॅब नेब्युला किती वेगाने पसरतोय ते स्वतः मोजा: जुना फोटो, नवा फोटो आणि एक एक्सेल शीट

कॉम्प्युटरवर दोन फोटो एकावर एक ठेवायचे, एक १९५० च्या दशकातला आणि एक २०१० नंतरचा, आणि बटण दाबत एकदा हा, एकदा तो असं बघत राहायचं. आजूबाजूचे तारे जागच्या जागी राहतात, आणि मधला क्रॅब नेब्युला तव्यावरच्या फुलक्यासारखा चारी बाजूंनी फुगतो. मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा रात्री दोन वाजता घरातल्यांना उठवून दाखवलं होतं, कारण आकाशातली एवढी मोठी वस्तू आपल्या डोळ्यांदेखत हलते हे नुसतं वाचून खरंच वाटत नाही. आणि हे फक्त बघायचंच नाही, मोजताही येतं. दुर्बीण नसली तरी चालतं, इंटरनेट, फुकटातली सॉफ्टवेअरं आणि दोन-तीन रविवार पुरतात.

आधी थोडी पार्श्वभूमी. ४ जुलै १०५४ ला चिनी ज्योतिषांनी वृषभ राशीत एक "पाहुणा तारा" नोंदवला, तो २३ दिवस भर दिवसा दिसत होता आणि रात्री जवळपास पावणेदोन वर्षं, एप्रिल १०५६ पर्यंत. तो होता सुपरनोव्हा, म्हणजे ताऱ्याचा स्फोट, आणि त्यातून उडालेला पदार्थ म्हणजे आजचा क्रॅब नेब्युला, मेसियर या खगोलशास्त्रज्ञाच्या धुकट वस्तूंच्या यादीतला पहिला. तो पसरतोय हे १९२१ मध्ये लक्षात आलं, अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेच्या ६० इंची दुर्बिणीतून १९०९ आणि १९२१ ला घेतलेल्या प्लेट्स (काचेवरचे फोटो) खगोलशास्त्रज्ञ जॉन डंकनने शेजारी ठेवून तपासल्या तेव्हा. पुढे १९२८ मध्ये हबलने हिशोब मांडला की या वेगाने एवढं मोठं व्हायला साधारण ९०० वर्षं लागली असतील, म्हणजे हा त्या १०५४ च्या ताऱ्याचाच अवशेष. आपण करणार आहोत ते मुळात डंकननेच केलेलं काम आहे, फक्त आपल्याकडे दोन फोटोंमधलं अंतर १२ ऐवजी ५५-६० वर्षांचं असणार, आणि यात तेच सगळ्यात मोठं भांडवल आहे.

एकक एकदाच समजून घ्या. एका अंशात ६० कला, एका कलेत ६० विकला, पंचांगातलेच शब्द. नेब्युला साधारण ७ कला लांब आणि ५ कला रुंद आहे, म्हणजे ४२० बाय ३०० विकला. त्याच्या कडेचे तंतू, म्हणजे वायूचे चमकणारे धागे, वर्षाला ०.१६ ते ०.२४ विकला बाहेर सरकतात. एका वर्षात काहीच कळणार नाही, पण ५८ वर्षांत हेच ९ ते १४ विकला होतात आणि ते कुठल्याही बऱ्या फोटोत दिसतं.

फोटो कुठले घ्यायचे

पहिला फोटो डिजिटाइज्ड स्काय सर्व्हे मधून घ्या. अमेरिकेतल्या पालोमार वेधशाळेच्या ४८ इंची श्मिट कॅमेऱ्याने १९४९ ते १९५८ मध्ये सगळं उत्तर आकाश काचेच्या प्लेट्सवर टिपलं, त्या प्लेट्स नंतर स्कॅन झाल्या आणि फुकट मिळतात. पहिल्या सर्व्हेची लाल प्लेट घ्यायची. लालच का, तर नेब्युलातले तंतू हायड्रोजन आणि नायट्रोजनच्या लाल प्रकाशात चमकतात, आणि आपल्याला तंतूच मोजायचेत. निळ्या फोटोत तंतूंच्या जोडीला मधली धुकट चमक वर येते, तिच्यात मोजण्यासारखं टोकदार काही नसतं. जागा टाकायची ती अशी (विषुवांश आणि क्रांती म्हणजे आकाशातले रेखांश आणि अक्षांश): विषुवांश ५ तास ३४ मिनिटं ३२ सेकंद, क्रांती अधिक २२ अंश १ कला, आणि चौकट २० बाय २० कलांची. चौकट मोठी का ते पुढे येईल. डाउनलोड करताना जेपेग अजिबात नको, फिट्स फाइलच (खगोलशास्त्रातल्या फोटोंचा फाइल प्रकार) घ्या, कारण फिट्सच्या हेडरमध्ये प्लेटची तारीख असते. ती तारीख दशांश वर्षात लिहून ठेवा, जानेवारीतली असेल तर अमुक.०, ऑक्टोबरची असेल तर अमुक.८ वगैरे.

दुसरा फोटो पॅन-स्टार्सचा. हवाईतल्या हालेआकाला डोंगरावरच्या दुर्बिणीने २०१० ते २०१४ मध्ये केलेला सर्व्हे आहे, पिक्सेल पाव विकलेचा, म्हणजे आपल्या कामाला भरपूर बारीक. आर फिल्टर घ्या, लाल तंतू त्यात येतात. एक गोष्ट मात्र सांभाळा, तिथे सगळे फोटो एकत्र करून बनवलेलं "स्टॅक" सहज मिळतं आणि दिसायलाही सुंदर असतं, पण ते अनेक वर्षांच्या फोटोंची बेरीज असल्यामुळे त्याला एक तारीख नसते. एकेका रात्रीचे सुटे फोटो मिळतात, त्यांना "वॉर्प" म्हणतात, ते घ्या, थोडे खरखरीत दिसतील पण तारीख पक्की असते.

स्वतःची दुर्बीण आणि कॅमेरा असेल तर दुसरा फोटो स्वतःच काढा, त्याची मजा वेगळीच. महाराष्ट्रातून बघणाऱ्यांचं नशीब असं की हा नेब्युला आपल्या जवळजवळ डोक्यावरून जातो, डिसेंबरच्या मध्याला मध्यरात्रीच्या सुमारास, त्यामुळे हवेचा थर कमीत कमी आडवा येतो. वृषभाच्या दोन शिंगांपैकी दक्षिणेकडच्या शिंगाच्या टोकाला झीटा टॉरी नावाचा तारा आहे, त्याच्या वायव्येला एक अंशावर, म्हणजे पौर्णिमेचे दोन चंद्र शेजारी ठेवले तर तेवढ्या अंतरावर. ८ इंची न्यूटोनियन, १००० मिलीमीटर फोकल लेंग्थ आणि ३.७६ मायक्रॉन पिक्सेलचा कॅमेरा असेल तर एक पिक्सेल ०.७८ विकलेचा होतो आणि तो इथे छान चालतो.

फिल्टरबद्दल एक गोष्ट नीट वाचा, कारण यात बरेच जण फसतात. हल्ली शहरातून फोटो काढणारे ३ नॅनोमीटरचा हायड्रोजन-अल्फा फिल्टर वापरतात, तो हायड्रोजनच्या लाल प्रकाशाची तेवढीच अरुंद पट्टी आत सोडतो. पण नेब्युलाची आपल्याकडे येणारी बाजू सेकंदाला साधारण १५०० किलोमीटर वेगाने येतेय आणि मागची तेवढ्याच वेगाने लांब जातेय, त्यामुळे डॉप्लरने (जवळ येणाऱ्या किंवा लांब जाणाऱ्या वस्तूच्या प्रकाशाचा रंग सरकतो त्याने) हायड्रोजनची ती लाल रेषा दोन्हीकडे ३.३ नॅनोमीटर सरकते, आणि तुमच्या फिल्टरच्या खिडकीतून चक्क बाहेर जाते! मधल्या भागातले तंतू मग फोटोत येतच नाहीत, किंवा अर्धवट येतात आणि आकार वेगळाच दिसतो. कडेचे तंतू आपल्या नजरेला आडवे सरकतात म्हणून ते वाचतात. तेव्हा ७ नॅनोमीटर किंवा त्याहून रुंद फिल्टर वापरा, किंवा साधा लाल फिल्टर, आणि मोजताना कडेच्याच तंतूंवर जास्त भर द्या.

फोटो जुळवणं, सगळा खेळ इथे आहे

माझं पहिलं उत्तर इथेच वाया गेलं होतं, ते सांगतो. मी दोन्ही फोटो सॉफ्टवेअरमध्ये टाकले आणि "ऑटो अलाइन" दाबलं, फोटो मस्त जुळले, मी मोजलं, आणि नेब्युलाचं वय आलं चौदाशे वर्षांच्या वर. दोन दिवस गणितातली चूक शोधत बसलो. चूक गणितात नव्हतीच. सॉफ्टवेअरने नेब्युलातल्या चमकदार गाठींनाच तारे समजून घेतलं होतं, आणि त्या जुळाव्यात म्हणून जुना फोटो किंचित ताणला होता. म्हणजे जे पसरणं मला मोजायचं होतं त्यातलंच बरंचसं त्याने जुळवणीत पुसून टाकलं होतं.

म्हणून तारे हाताने निवडायचे, नेब्युलाच्या बाहेरचे, चारी बाजूंना पसरलेले, १५ ते २० तरी. यासाठीच चौकट २० कलांची घ्यायला सांगितली. फार तेजस्वी तारे नकोत, जुन्या प्लेटवर ते फुगून पसरट होतात आणि त्यांचा मध्य सापडत नाही, १३ ते १६ प्रतीचे बरे (प्रत म्हणजे तेजस्वीपणाचा आकडा, जितका मोठा तितका तारा मंद). मग ताऱ्यांच्या जागा मोजणाऱ्या गाया यानाच्या कॅटलॉगमधून प्रत्येक ताऱ्याची जागा आणि निजगती, म्हणजे आकाशात तो दर वर्षी किती सरकतो ते, उतरवून घ्या. गाया डीआर ३ मधल्या जागा २०१६.० सालच्या आहेत, आणि तारेही थोडे थोडे सरकतात, वर्षाला २० मिलीविकला सरकणारा तारा ६१ वर्षांत १.२ विकला सरकलेला असतो, त्यामुळे प्रत्येक ताऱ्याची जागा तुमच्या फोटोच्या तारखेपर्यंत मागे किंवा पुढे नेऊन मगच वापरायची. एक्सेलमध्ये एका कॉलमचं काम आहे. कंटाळा करू नका.

फिट्स फाइलमध्ये आधीपासून जागांचं गणित भरलेलं असतं, पण जुन्या प्लेट्सच्या बाबतीत तेवढ्यावर विसंबू नका, ते संपूर्ण मोठ्या प्लेटसाठी बसवलेलं असतं आणि आपल्या छोट्या कोपऱ्यात अर्धी-एक विकला सहज चुकू शकतं. निवडलेल्या ताऱ्यांवरून नव्याने बसवा. अलादीन सॉफ्टवेअरमध्ये तारे एकेक जोडून हे करता येतं. बसवल्यावर प्रत्येक तारा किती चुकतो ते बघा, जुन्या प्लेटवर साधारण ०.३ विकलेच्या आत आलं तर उत्तम, एखादा तारा एकटाच दीड विकला चुकत असेल तर तो बहुतेक जोडतारा असतो, काढून टाका.

एवढी काटेकोर जुळवणी का, ते आकड्यात बघा. ५८ वर्षांत नेब्युला ७ टक्के मोठा होतो. दोन फोटोंच्या स्केलमध्ये हजारात एक एवढी जरी चूक राहिली तर वयात १२ वर्षांची चूक येते, चालून जाईल. पण दोन फोटोंमध्ये फक्त १० वर्षं असतील तर नेब्युला वाढतो १.१ टक्का, आणि तीच हजारात एकची चूक वयात ८० वर्षांची होते. म्हणून नव्या लोकांना मी नेहमी सांगतो की स्वतःच्याच दोन फोटोंवर घाई करू नका, आधी जुन्या प्लेटवर हात बसू द्या.

गाठी निवडणं आणि मोजणं

डीएस ९ नावाचं सॉफ्टवेअर उघडा, दोन्ही फोटो दोन फ्रेममध्ये टाका, जागांनुसार एकमेकांना जोडा आणि ब्लिंक लावा, म्हणजे दोन्ही फोटो आळीपाळीने दिसत राहतील. आता घाई न करता नुसतं बघा. थोड्या वेळाने काही गाठी ओळखीच्या होतात, एखादी स्वल्पविरामासारखी, एखादी दोन तंतू भेटतात तिथली, एखादी आपल्या शेजारच्या ताऱ्यापासून लांब सरकलेली. अशा छोट्या, टोकदार, दोन्ही फोटोंत निःसंशय तीच आहे म्हणता येईल अशाच गाठी घ्या. लांबट तंतूच्या मधला भाग घेऊ नका, लांबीच्या दिशेने तो कुठे सुरू होतो ते कळत नाही. गाठींचा उजेड वर्षानुवर्षं कमीजास्त होतो, त्यामुळे "जास्त चमकतेय" यावरून ओळखू नका, आकारावरून ओळखा. आणि अगदी मध्यभागी पल्सारच्या (स्फोटानंतर उरलेल्या, वेगाने फिरणाऱ्या ताऱ्याच्या गाभ्याच्या) जवळ ज्या पुसट लाटा दिसतात त्यांच्या नादी लागू नका, त्या काही आठवड्यांत जागा बदलतात, त्यांचा वेग प्रकाशाच्या निम्म्यापर्यंत जातो, तो सगळा वेगळाच प्रकार आहे.

३० गाठी तरी हव्यात, आणि सगळ्या बाजूंच्या. प्रत्येक गाठीची जागा पहिल्या फोटोत आणि दुसऱ्या फोटोत नोंदवा, आणि हेच दुसऱ्या दिवशी पहिले आकडे न बघता पुन्हा एकदा करा. दोन दिवसांच्या आकड्यांत जो फरक येईल ती तुमची खरी चूक. जुन्या प्लेटचा पिक्सेल १.७ विकलेचा आहे आणि अर्ध्या पिक्सेलपर्यंत हात चुकतोच, म्हणजे ०.८५ विकला. केंद्रापासून १५० विकला लांब असलेली गाठ ५८ वर्षांत १० विकला सरकते, म्हणजे एका गाठीवरून काढलेलं वय साधारण ७५ वर्षांनी चुकू शकतं. ३० गाठींची सरासरी घेतली की ही चूक १४ वर्षांवर येते. जास्त गाठी हव्यात त्या यासाठी.

आता गणित. पल्सारची जागा शून्य धरा, विषुवांश ५ तास ३४ मिनिटं ३१.९७ सेकंद, क्रांती अधिक २२ अंश ० कला ५२ विकला. हा आकडाच धरा, फोटोतला ठिपका नको, कारण पल्सार स्वतःही थोडा सरकतो. प्रत्येक गाठ तिथून किती विकला पूर्वेला आणि किती उत्तरेला आहे ते दोन्ही फोटोंसाठी काढा. विषुवांशातल्या एका सेकंदाच्या फरकाला १३.९ ने गुणायचं, १५ ने नाही, कारण २२ अंश वर गेल्यावर ती वर्तुळं लहान होतात. मग दुसऱ्यातून पहिलं वजा करा, वर्षांनी भागा, झाली विकला प्रति वर्ष गती, पूर्वेची वेगळी आणि उत्तरेची वेगळी.

एक आलेख काढा: आडव्या अक्षावर गाठीची दुसऱ्या फोटोतली पूर्वेकडची जागा, उभ्या अक्षावर तिची पूर्वेकडची गती. ठिपके एका तिरक्या रेषेवर येऊन बसतात, कारण ज्या गाठी स्फोटात जोरात उडाल्या त्याच आज लांब आहेत. ती रेषा पहिल्यांदा स्वतःच्या आकड्यांतून उमटताना बघितली की अंगावर काटा येतो, खरंच. एक्सेलचं स्लोप फंक्शन लावा. उतार समजा ०.००११३ आला, तर १ भागिले ०.००११३, म्हणजे सुमारे ८८५ वर्षं, हे दुसऱ्या फोटोच्या तारखेला नेब्युलाचं वय. तसाच दुसरा आलेख उत्तर दिशेचा. दोन उत्तरं एकमेकांच्या चुकीच्या मर्यादेत आली तर समजा काम नीट झालंय, खूप वेगळी आली तर परत जुळवणीकडे जा. लाइनएस्ट फंक्शन उताराबरोबर त्याची चूकही देतं, ती लिहिल्याशिवाय उत्तर कोणाला सांगू नका.

या पद्धतीत केंद्र कुठे आहे हे आधी माहीत असावं लागत नाही, ते फुकटात मिळतं. रेषा जिथे शून्य गतीला छेदते ते केंद्र, आणि ते पल्सारवर येणार नाही. पल्सार वर्षाला साधारण १२ मिलीविकला वायव्येकडे सरकतोय, म्हणजे १०५४ पासून सुमारे १२ विकला, आणि तुमचं केंद्र त्याच्या आग्नेयेला येईल, म्हणजे तो जिथून निघाला त्या बाजूला.

उत्तर १०५४ येणार नाही, आणि ते बरोबर आहे

८८५ वर्षं दुसऱ्या फोटोच्या २०१३ मधून वजा केली की येतात ११२८. स्फोट तर १०५४ चा! इथे बरेच जण घाबरतात आणि नको त्या गाठी काढून टाकून आकडा १०५४ कडे ढकलायला लागतात. कृपा करून हे करू नका. १९६८ मध्ये व्हर्जिनिया ट्रिंबलने पालोमार आणि माउंट विल्सनच्या प्लेट्सवरून मोजलं तेव्हा ११४० च्या आसपास आलं होतं, १९९८ मध्ये रिचर्ड न्यूजंटचं उत्तर आलं ११३०, १६ वर्षं इकडे-तिकडे. तुमचं उत्तर ११०० ते ११५० च्या मधे कुठे आलं तर तुम्ही चांगलं मोजलंय.

कारण असं की आपण आजच्या वेगाने मागे मागे गेलो, आणि तो वेग पहिल्यापासून एवढा नव्हता. मधला पल्सार सेकंदाला जवळपास ३० वेळा फिरतो, हळूहळू मंदावतो, आणि मंदावताना जी ऊर्जा सोडतो ती आतून या सगळ्या पदार्थाला ढकलत राहते. म्हणजे नेब्युलाचा वेग वाढत गेलाय. प्रवासाच्या शेवटी गाडी १०० ने धावत होती म्हणून सगळा प्रवास १०० नेच झाला असं धरलं तर निघण्याची वेळ खऱ्यापेक्षा उशिराची येणार, तसंच हे. त्या ७५ वर्षांच्या फरकात पल्सारचा धक्का लपलाय आणि तो तुम्ही घरी बसून मोजलात. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातलं सगळ्यात मोलाचं उत्तर हेच आहे, वयापेक्षाही.

शेवटची पायरी, अंतर

सूत्र एकच: वेग बरोबर ४.७४ गुणिले गती गुणिले अंतर. वेग किलोमीटर प्रति सेकंद, गती विकला प्रति वर्ष, अंतर पार्सेकमध्ये (१ पार्सेक म्हणजे ३.२६ प्रकाशवर्षं). वेग हवा तो स्पेक्ट्रममधून, म्हणजे प्रकाशाचे रंग सुटे करून मिळणाऱ्या पट्ट्यातून. नेब्युलाच्या मध्यावर स्पेक्ट्रोग्राफची स्लिट (प्रकाश आत घेणारी अरुंद फट) ठेवली की हायड्रोजनची लाल रेषा दोन भागांत फुटलेली दिसते, एक पुढच्या बाजूची आणि एक मागच्या, आणि त्यावरून येतो १५०० किलोमीटर प्रति सेकंद. मुंबईहून दिल्लीला रस्त्याने साधारण १४०० किलोमीटर, म्हणजे एका सेकंदात दिल्ली मागे टाकून पुढे. स्पेक्ट्रोग्राफ नसेल तर हा आकडा सरळ वापरा.

अडचण एकच आहे, नेब्युला गोल नाही. आपल्या दिशेची खोली आखूड बाजूएवढी धरायची की लांब बाजूएवढी? आखूड बाजूच्या टोकांची गती ०.१६५ घेतली तर अंतर येतं १९०० पार्सेकच्या वर, लांब बाजूची ०.२४ घेतली तर १३०० पार्सेक. नेब्युला लांबोळक्या चेंडूसारखा आहे असं मानून आखूड बाजू धरली की उत्तर सर्वसाधारणपणे मान्य असलेल्या २००० पार्सेकच्या, म्हणजे ६५०० प्रकाशवर्षांच्या जवळ येतं. दोन्ही आकडे वहीत लिहा, आणि कुठला का धरला तेही.

सगळं झालं की फिट्स फाइली, वापरलेल्या ताऱ्यांची यादी आणि गाठींचा तक्ता एका फोल्डरमध्ये ठेवा, फाइलच्या नावातच फोटोची तारीख घाला. यंदाच्या डिसेंबरात स्वतःचा फोटो काढलात तर कॅमेऱ्याचा कोन, फिल्टर आणि फोकल लेंग्थही तिथेच लिहून ठेवा, १० वर्षांनी पुढचा फोटो त्याच सामानाने काढता आला तर जुळवणीचं अर्धं काम वाचेल.